लिहिणारा विद्यार्थी आणि त्याचा वाचक

मुलानें लिहिलेलें कोणी वाचावें? हा प्रश्न प्रथमदर्शनीं अगदीं क्षुल्लक वाटतो. शाळेंत निबंध लिहिला कीं तो गुरुजींनीं वाचावा, तांबड्या शाईनें चुका दाखवाव्या, गुण द्यावे आणि वह्या परत कराव्या. वर्षअखेर त्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूंत जाव्या, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यांत कांहीं उणें आहे असें आपणांस वाटतही नाहीं. परंतु ज्या लेखनाला एकच वाचक, आणि तोही गुण देण्यास बांधलेला, त्या लेखनापासून लिहिणाऱ्याला किती शिकावयास मिळतें, याचा विचार करण्याची वेळ आतां आली आहे. गेल्या पंचवीस वर्षांत ब्लॉग, ज्यास आपल्याकडे कोणी अनुदिनी तर कोणी जालनिशी म्हणतात, आणि ट्विटरसारखीं त्रोटक लेखनाचीं साधनें तरुणांच्या हातीं आलीं. त्यांचा शिक्षणांत उपयोग करावा कीं नाहीं यावर दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, हें सर्व नवें खूळ आहे. दुसरा म्हणतो, असें साधन पूर्वीं कधींच नव्हतें. आमच्या मतें दोघेही एकच चूक करीत आहेत. दोघेही या गोष्टीला सर्वस्वीं नवी समजतात. वाचकांसमोर थोडें थोडें, नियमानें आणि आपल्या नांवानिशीं लिहून शिकणें हा मार्ग महाराष्ट्रांत पावणेदोनशें वर्षांचा जुना आहे, आणि त्यावरील एक मोठा मुक्काम आमच्या कोल्हापुरांतच आहे. त्या मार्गाचा इतिहास थोडक्यांत पाहिला, तर नव्या साधनापासून काय मागावें हें ठरविणें सोपें जाईल.

आरंभ मुंबईस झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. एका रकान्यांत इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यांत मराठी अशी त्याची मांडणी असे. वृत्तपत्र आणि पाठ्यपुस्तक यांची वाट तेव्हां फारशी वेगळी झाली नव्हती. १८४० सालीं ‘दर्पण’ बंद झालें, आणि त्याच वर्षीं शास्त्रीबोवांनीं ‘दिग्दर्शन’ हें मराठींतील पहिलें मासिक हातीं घेतलें. तरीही येथें लिहिणारा गुरु होता आणि वाचणारा शिष्य. शिष्यानें स्वतः लेखणी उचलण्याची पायरी १८४८ सालीं आली. त्या वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थी व तरुण अध्यापक यांनीं एकत्र येऊन ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी हे त्या मंडळींपैकींच एक. तिची मराठी शाखा म्हणजे दादोबा पांडुरंग यांच्या अध्यक्षतेखालील ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’. सभासदानें एखाद्या विषयाचा अभ्यास करावा, निबंध लिहून सभेपुढें वाचावा, आणि तेथें पसंतीस उतरलेलें लेखन १८५० पासून निघूं लागलेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकांत छापावें, असा तो क्रम होता. यांतील मर्म लक्ष्यांत घेण्यासारखें आहे. निबंधाचे पहिले श्रोते बरोबरीचे होते. बरोबरीच्या माणसाला गुण देतां येत नाहींत. त्याला फक्त विचारतां येतें, कीं हें तुम्हांस कशावरून कळलें? त्या एका प्रश्नाच्या धाकानें माणूस जितका अभ्यास करतो, तितका परीक्षेच्या धाकानें करीत नाहीं.

पण सभा-मासिकांच्या या जगांत प्रवेश होता कोणाला? वरच्या वर्णांतील, इंग्रजी शाळेंत जाऊं शकणाऱ्या मूठभर पुरुषांनाच. म्हणून १८५५ सालची एक गोष्ट आम्हांस या सर्व इतिहासांत सर्वांत मोठी वाटते. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं चालविलेल्या शाळेंत मांग समाजांतील मुक्ता साळवे ही मुलगी शिकत होती. चौदाच्या आसपास वय, आणि शाळेंतील शिक्षण अवघें तीन वर्षांचें. तिनें ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’ हा निबंध लिहिला, आणि अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८४२ सालीं अहमदनगरास सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ पत्रानें तो १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. ज्यांना वेद वाचण्याची बंदी, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीनें विचारला. डोक्यावर छप्पर नसतांना थंडी-पावसांत बाळंत होणाऱ्या आपल्या समाजांतील बायकांचे हाल तिनें सांगितले. आणि ज्ञान हेंच या दुःखावरील औषध आहे असें आपल्या माणसांना बजावलें. हा निबंध वहींत राहिला असता तर शुद्धलेखनाच्या पांचदहा चुका दाखवून त्याची बोळवण झाली असती. तो छापला गेला, म्हणून ज्यांच्याविषयीं तो होता आणि ज्यांच्याविरुद्ध होता, त्या दोघांच्याही हातीं पडला. आज तिचें नांव महाराष्ट्र जाणतो तें या एका निबंधामुळें. शाळकरी मुलाजवळ सांगण्यासारखें काय असणार, असें विचारणाऱ्यांस याहून वेगळें उत्तर देण्याची गरज नाहीं.

पुढें सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयानें १८६१ पासून ‘शालापत्रक’ निघूं लागलें. कृष्णशास्त्री चिपळूणकर व नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं तें चालविलें. शाळामास्तरांसाठीं असलेल्या या साध्या पत्रकांत विष्णुशास्त्र्यांनीं तरुणपणीं संस्कृत कवींवर लेख लिहिले. तेच पुढें ‘संस्कृत कविपंचक’ म्हणून ग्रंथरूप झाले. १८७४ च्या आरंभीं त्यांनीं ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हां त्यांची लेखणी आधींच घडलेली होती. ज्या गद्यानें मराठीला नवें बळ दिलें, त्याची तालीम शिक्षणविषयक पत्रकाच्या पानांवर, महिन्याच्या महिन्याला, वाचकांदेखत झाली होती.

आतां कोल्हापुराकडे वळूं. ज्या वर्षीं मुंबईस ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघालें, त्याच १८५० सालीं येथें आजच्या करवीर नगर वाचन मंदिराचा पाया घातला गेला. वाचकाची सोय झाली. लेखकाची सोय व्हावयास आणखी कांहीं दशकें लागलीं. राजाराम कॉलेज १८८० सालीं सुरू झालें, आणि पुढें तेथें विष्णु गोविंद विजापूरकर हे प्राध्यापक झाले. वर्गांतील तास संपला कीं शिक्षकाचें काम संपलें, असें मानणारा हा मनुष्य नव्हता. १८९४ सालीं त्यांनीं ‘ग्रंथमाला’ हें मासिक काढलें. इतिहास, शास्त्र, तत्त्वविचार अशा विषयांवरचे ग्रंथ त्यांत हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होत. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकाचें लेखन त्यांत येई. म्हणजे, मुंबई-पुण्याबाहेरच्या एका संस्थानी शहरांतून एक प्राध्यापक साऱ्या महाराष्ट्रासाठीं एक प्रकारें खुला वर्ग चालवीत होता. १९०६ च्या सुमारास त्याच हातांनीं ‘विश्ववृत्त’ मासिक आणि राष्ट्रीय शिक्षण देणारें समर्थ विद्यालय या दोन्ही गोष्टी उभ्या राहिल्या. शाळा आणि मासिक हीं एकाच कामाचीं दोन अंगें आहेत, हें विजापूरकरांनीं जितकें ओळखलें तितकें त्यांच्या काळांत फार थोड्यांनीं ओळखलें असेल. समर्थ विद्यालयांतील शिक्षक वामन मल्हार जोशी हेच ‘विश्ववृत्ता’च्या संपादनाचेंही काम पाहत.

या उद्योगाची किंमत लौकरच द्यावी लागली. १९०८ सालीं ‘विश्ववृत्तां’त श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख प्रसिद्ध झाला. सरकारास त्यांत राजद्रोह दिसला. खटला कोल्हापुरांत चालला, आणि विजापूरकर व वामनराव जोशी या दोघांसही तीन तीन वर्षांची शिक्षा झाली. लेख दोघांपैकीं एकानेंही लिहिलेला नव्हता. तो छापण्याची जबाबदारी मात्र दोघांची होती. सुटून आल्यावर वामनराव ‘रागिणी’कार म्हणून प्रसिद्धीस आले आणि विजापूरकर पुन्हां शिक्षणाच्याच कामास लागले. अन्यायाच्या कायद्यानें दिलेल्या या शिक्षेचें आम्ही कौतुक करीत नाहीं. परंतु आपण जें लोकांपुढें मांडतों त्याच्या पाठीमागें आपण स्वतः उभे असलें पाहिजे, हा धडा समर्थ विद्यालयांतील मुलांनीं पुस्तकांतून शिकला नाहीं. तो त्यांनीं आपल्या गुरुजींच्या वाट्यास आलेला पाहिला.

विजापूरकरांच्या वर्तुळालाही मर्यादा होती. लिहिणारे व वाचणारे मुख्यतः पांढरपेशे होते, आणि कोल्हापुरांत त्या काळीं ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद किती तीव्र होता हें सर्वांस ठाऊक आहे. हें वर्तुळ रुंदावण्याचें काम वेगळ्या बाजूनें झालें. छत्रपति शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उघडलीं, आणि १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. अक्षरओळख झालेल्या माणसाला पुढें बोलावयास जागा लागते, हेंही महाराजांनीं जाणलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ सुरू केलें, त्यास महाराजांनीं अडीच हजार रुपयांचें साहाय्य दिलें. आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत कागल जहागिरींतील माणगांवच्या परिषदेस ते स्वतः उपस्थित राहिले. मुक्ता साळवे हिला पत्राच्या पानावर जागा मिळाली ती दुसऱ्याच्या पत्रांत. ‘मूकनायका’नें ती जागा आपल्या मालकीची केली. शाळा काढणें आणि छापखान्याला हात देणें हीं दोन कामें विजापूरकरांनीं केलीं, महाराजांनींही केलीं. दोघांचे मार्ग भिन्न होते, एकमेकांच्या विरुद्धही होते. पण शिक्षण लेखनापर्यंत पोंचलें पाहिजे, हें दोघांनाही उमगलें होतें.

तथापि ही मासिकें-पत्रें मोठ्या माणसांचीं होतीं. रोजच्या शाळेंत, लहान मुलांच्या पातळीवर, असें लेखन कोणी घडविलें काय? येथें खानदेशांतील अमळनेराकडे पाहिलें पाहिजे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, १९२४ सालीं तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले व पुढें शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. त्यांनीं मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक चालविलें. दैनिक, आणि तेंही हातानें लिहिलेलें! थोर पुरुषांच्या गोष्टी, जगाच्या वार्ता, छात्रालयांतील मुलांना कांहीं सांगावेंसें वाटलें तर तें, असें हें रोजचें पान. १९२८ सालीं ‘विद्यार्थी’ हें मासिकही त्यांनीं काढलें. त्याच सुमारास, पण एकमेकांचा कांहींएक संबंध नसतांना, फ्रान्सच्या दक्षिणेंतील बार-सुर-लू या खेड्यांत सेलेस्तँ फ्रेने नांवाचा शिक्षक जवळजवळ हेंच करीत होता. पहिल्या महायुद्धांत त्याच्या फुप्फुसास जखम झाली होती. तासन्‌तास बोलून शिकविणें त्याला शक्य नव्हतें. १९२४ सालीं त्यानें वर्गांत एक लहानसा छापखाना आणला. मुलांनीं पाहिलेलें, अनुभविलेलें लिहावें, सर्वांनीं मिळून तें सुधारावें, स्वतःच खिळे जुळवून छापावें आणि ब्रिटनी प्रांतांतील दुसऱ्या शाळेच्या मुलांस पाठवावें. तिकडून त्यांचें लेखन यावें. समुद्र न पाहिलेल्या मुलास समुद्रकांठचें वर्णन वाचावयास मिळे, आणि आपला डोंगर दुसऱ्यास समजेल असा लिहिण्याची गरज त्याला पडे. समजणारा दूर असला म्हणजेच लिहिणारा स्पष्ट होतो.

या पार्श्वभूमीवर ब्लॉग म्हणजे काय? ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ सालचा. १९९९ मध्यें त्याचा ‘ब्लॉग’ झाला आणि त्याच वर्षीं ‘ब्लॉगर’ ही सेवा निघाली. तारखेनुसार लेख मांडावे, ताजा लेख वर यावा, आणि प्रत्येकाखालीं वाचकास उत्तर देण्याची जागा असावी, इतकीच त्याची रचना. मराठीला यांत थोडी वाट पाहावी लागली. युनिकोडची सोय सर्वत्र होईपर्यंत एकाच्या यंत्रावरील मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर धड दिसत नसे. ट्विटर २००६ सालीं निघालें. त्यांत १४० अक्षरांची मर्यादा होती. ती २०१७ सालीं २८० झाली, आणि २०२३ सालीं त्या सेवेचें नांवही बदलून ‘एक्स’ झालें. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. ‘कोल्हापूर’ हा शब्द आपण चार अक्षरांचा मानतों. यंत्र काने, मात्रे, उकार व पाय मोडण्याचें चिन्हही वेगळें मोजून नऊ धरतें. म्हणजे मराठी लिहिणाऱ्यास या मर्यादेंत काटकसर जास्तच करावी लागते. पण थोडक्यांत सांगण्याची मराठीला भीति कशाला असावी? ओवी, अभंग आणि म्हणी यांवर पोसलेली ही भाषा आहे. शाळेच्या दारांतील फळ्यावर रोज सुविचार आणि गांवच्या चौकांतील वार्ताफलकावर रोज बातमी लिहिणाऱ्या प्रांताला त्रोटक लेखन परकें नाहीं.

महाराष्ट्रांतील शाळांनीं हें साधन वापरलें नाहीं असें नाहीं. २०१५ सालच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदांच्या शाळांत ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला, आणि कित्येक शिक्षकांनीं उत्साहानें ब्लॉग उघडले. शासननिर्णय, नमुने, कविता, स्वाध्याय, ध्वनिफिती यांचा मोठा संग्रह त्यांनीं एकमेकांस खुला करून दिला. खेड्यांतील एकट्या शिक्षकास याचा किती आधार वाटला असेल हें आम्ही जाणतों. पण इतिहासाच्या कसोटीस लावून पाहिलें, तर आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक ब्लॉगांवर आपण ‘दिग्दर्शना’च्या पायरीवरच आहों असें दिसतें. लिहिणारा शिक्षक, वाचणारा दुसरा शिक्षक किंवा विद्यार्थी. विद्यार्थ्यानें लिहावें व बरोबरीच्यांनीं त्यास विचारावें, ही १८४८ सालची पायरी या नव्या साधनावर अजून क्वचितच चढली गेली आहे.

आक्षेप पुष्कळ आहेत आणि ते पोकळ नाहींत. घाईनें लिहिलेलें घाईनें प्रसिद्ध होतें. अनोळखी माणसाचा विखारी शब्द कोंवळ्या मनास लागतो. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत पालकांची संमति आवश्यक ठरविली, ती योग्यच आहे. म्हणून मुलांचा वाचकवर्ग आरंभीं आपला वर्ग, मग दुसऱ्या गांवची एक शाळा, एवढाच असावा. फ्रेनेचाही तेवढाच होता, आणि साने गुरुजींचा तर एका छात्रालयापुरता. सर्वांत नवा आक्षेप असा कीं, आतां यंत्रास विषय सांगितला कीं निबंध आयता मिळतो. मग मुलांनीं लिहावेंच कशाला? आम्हांस वाटतें, याच कारणासाठीं एका वाचकाचा निबंध मोडीत निघाला आहे. आयता निबंध परीक्षकास फसवूं शकेल. पण शेजारच्या बांकावरच्या मैत्रिणीनें ‘हें तूं कोठें पाहिलेंस?’ असें खालीं लिहिलें, तर त्याचें उत्तर ज्यानें पाहिलें आहे त्यालाच देतां येईल.

दुसरी चिंता टिकण्याची. ‘जिओसिटीज’वरील लक्षावधि पानें २००९ सालीं आणि ‘गूगल प्लस’वरील लेखन २०१९ सालीं, मालक कंपन्यांनीं दुकान बंद करतांच, नाहींसें झालें. मुक्ता साळवे हिचा निबंध आज वाचतां येतो तो कागदावर छापला होता म्हणून. यास्तव शाळेनें वर्षअखेर ब्लॉगांतील निवडक लेखन छापून बांधून ठेवावें, आणि त्याची एक प्रत गांवच्या ग्रंथालयास द्यावी. वर्गणीच्या पैशांतूनही होण्यासारखें हें काम आहे.

आरंभ कोठून करावा, असें कोणी कोल्हापूरकर शिक्षक विचारील तर आम्ही त्यास पंचगंगेच्या कांठीं नेऊं. पावसाळ्यांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पाण्याची पातळी रोज फुटांत मोजली जाते. ३९ फुटांस इशारा, ४३ फुटांस धोका. २०१९ आणि २०२१ या दोन वर्षीं ती पंचावन्न फुटांच्या वर गेली, आणि तीं वर्षें पाहिलेलीं मुलें याच शहरांत मोठीं होत आहेत. जून ते सप्टेंबर रोज एका मुलानें दोन ओळी लिहाव्या: तारीख, पातळी, आणि स्वतः पाहिलेली एक गोष्ट. शिरोळ तालुक्यांतील एखाद्या शाळेच्या मुलांनीं त्या वाचाव्या व खालीं आपल्या गांवच्या पाण्याची खबर द्यावी. दसऱ्यानंतर त्या सर्व ओळी पुढें ठेवून प्रत्येकानें एक निबंध लिहावा, आणि ‘पाणी एवढें कां चढतें?’ या प्रश्नाचें आपलें उत्तर नांवानिशीं मांडावें. त्या निबंधांस गुण देण्याचें काम शिक्षकाला फारसें उरणार नाहीं. पाण्याच्या दुसऱ्या टोकाचीं मुलें तें करतील.